भोंगा न वाजलेले तीन मंगळवार

२००८ साली आमच्या रसायनशास्त्र विभागातील हायड्रोजन-गळतीचा भोंगा तीन वेळा वाजला नाही. तिन्ही दिवशी विभागातील एकच कर्मचारी गैरहजर होता. तो जन्मापासून बहिरा होता.

तिसऱ्या वेळी मी स्वतः तेथे होतो. सोळा सप्टेंबर, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. उपकरण-कक्षात एम.एस्सी.चे नऊ विद्यार्थी काम करत होते. मी एक नोंद उतरवून घेण्यासाठी आत गेलो आणि सवयीने भिंतीवरच्या गळतीदर्शकाकडे पाहिले. काटा लाल पट्ट्यात होता. काटा तेथे पोहोचला की व्हरांड्यातला भोंगा वाजे, आणि तो ग्रंथालयापर्यंत ऐकू जाई. व्हरांड्यात झाडूचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

हायड्रोजनला वास नसतो, रंग नसतो. खोली नेहमीसारखीच दिसत होती. खिडकीजवळचा एक मुलगा काचेची नळी वाकवण्यासाठी स्पिरिटचा दिवा पुढे ओढून बसला होता. काडेपेटी त्याने उघडली होती आणि काडी बोटांत धरली होती.

"काडी ओढू नकोस," मी म्हणालो.

"सर, एकच नळी राहिलीय..."

"काडी खाली ठेव. कोणीही कोणतंही बटण दाबायचं नाही. वह्या इथेच राहू द्या. एकेक जण बाहेर व्हा. पळायचं नाही."

ते बाहेर गेले. मी मागच्या गॅसखोलीत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि काटा खाली येईपर्यंत दाराशी उभा राहिलो. त्याला चौदा मिनिटे लागली. गळती उपकरणाच्या मागच्या जोडातून होत होती. तेथल्या वॉशरला तडा गेला होता. वॉशर झिजतात, त्यात विशेष काही नाही.

व्हरांड्यात तोच मुलगा उभा होता. काडेपेटी अजून त्याच्या हातात होती.

"सर, भोंगा का नाही वाजला?"

मला माहीत नाही, असे मी त्याला सांगितले. ते खरे होते.

चंद्रसेन तांबारे आदल्या वर्षी आमच्याकडे तंत्रसहायक म्हणून रुजू झाले. विद्यापीठात अपंगांसाठी राखीव असलेली पदे कित्येक वर्षे रिकामी होती. वरून पत्र आले तेव्हा ती एकदम भरण्यात आली. कार्यालयीन भाषेत याला अनुशेष भरती म्हणतात. पंधरा दिवसांत विभागात तांबाऱ्यांचे नावच 'अनुशेष' पडले. "अनुशेष आला का?" "गॅसची चावी अनुशेषकडे आहे." ते समोर असतानाही लोक असे बोलत. त्यांना ऐकू येत नाही, हा त्यामागचा विचार होता. त्यांना ओठ वाचता येतात, हे लक्षात घेण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

कामात ते चोख होते. रोज सकाळी साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासणे हे काम त्यांनी आपणहून सुरू केले. त्यापूर्वी ते कोणी करत नव्हते, आणि त्यांच्या रजेच्या दिवशी तेव्हाही करत नव्हते. त्यांचे परिवीक्षेचे वर्ष तीस सप्टेंबरला संपत होते. त्या आधी विभागप्रमुखांनी 'समाधानकारक' असे लिहून दिले की ते कायम होणार होते. गैरवर्तनाचा शेरा बसला असता, तर नोकरी गेलीच असती आणि पुन्हा कोणत्याही राखीव जागेसाठी अर्ज करण्याची सोयही राहिली नसती. त्यांची पत्नीही बहिरी होती आणि घरी सात महिन्यांची मुलगी होती.

त्या दुपारी विभागप्रमुख डॉ. इंगोले यांनी मला बोलावले.

"बिडवई, तुमची ती वही आणा."

भोंग्याची साप्ताहिक चाचणी माझ्याकडे होती. दर मंगळवारी साडेअकराला मी गळतीदर्शकाचे चाचणी-बटण दाबत असे, व्हरांड्यात भोंगा वाजल्याचे ऐकत असे आणि वहीत नोंद करत असे. आठ जुलैला भोंगा वाजला नव्हता. बारा ऑगस्टलाही नव्हता. दोन्ही वेळा मी तक्रार केली, दुसऱ्या दिवशी अभियांत्रिकी शाखेचा माणूस आला, त्याने बटण दाबले आणि भोंगा वाजला. "सर, तुमचं बोट हलकं पडलं असेल," असे तो दुसऱ्या वेळी म्हणाला होता.

ऑगस्टनंतर मी एक तक्ता केला होता. तपमान, आर्द्रता, विजेचा दाब, किती उपकरणे चालू होती, खोलीत कोण होते, विभागात कोण नव्हते. दोनच घटनांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असा शेराही खाली लिहिला होता. आता मी सोळा सप्टेंबरची ओळ भरली. एकच रकाना तिन्ही ओळींत सारखा होता.

इंगोल्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवले. "हा नसतो तेव्हाच कसा बंद पडतो हो?"

"सहसंबंध आहे, सर. कारण नाही."

"तुम्ही वर्गात शिकवा ते. मी सरळ विचारतो. हा माणूस जाताना काहीतरी काढून ठेवतो. का? तर आपल्यावाचून यांचं चालत नाही, हे दाखवायला. परिवीक्षा संपत आलीय ना!"

"ज्याला भोंगा ऐकूच येत नाही तो भोंग्याशी..."

"म्हणून तर! त्याला काय फरक पडतो वाजला काय आणि नाही वाजला काय? शुक्रवारी बारा वाजता समिती बसवतोय. नऊ पोरं होती आत, बिडवई. नऊ. हा तक्ता मला टाइप करून पाहिजे."

मी तक्ता टाइप करून दिला. खालचा शेरा मी ठेवला होता. समितीपुढे गेलेल्या प्रतीत तो नव्हता. टाइप केलेल्या कागदाचा तळ दुमडून झेरॉक्स काढण्यात आली होती.

बुधवारी तांबारे कामावर आले. मी त्यांच्यादेखत चाचणी-बटण दाबले. भोंगा वाजला. त्यांच्या टेबलासमोरचा लाल दिवाही लागला; भोंग्याबरोबर पेटणारा हा दिवा ते रुजू झाल्यावर त्यांच्यासाठी बसवला होता. त्यांनी दिव्याकडे पाहून मान हलवली, जोड तपासले आणि वॉशर बदलला. मग इंगोल्यांनी त्यांना आत बोलावले. मीही होतो.

"काल कुठे होतात?" इंगोले मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाशी बोलताना ते नेहमी ओरडत.

तांबाऱ्यांनी खिशातली चिठ्ठ्यांची वही काढून लिहिले, "सर मिशी. ओठ दिसत नाही. लिहून द्या."

इंगोल्यांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे दिली. "बघा. माज बघा." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना लिहून देण्याचे काम मग माझ्याकडे आले.

"काल रजा कशासाठी होती?"

"सिव्हिल हॉस्पिटल. बहिरा आहे दाखला पुन्हा. आस्थापना पत्र."

आस्थापना शाखेने त्यांना बहिरेपणाची फेरतपासणी करून घेण्यास सांगितले होते. अपंग मंडळ फक्त मंगळवारी बसे. आठ जुलैला कानाचे डॉक्टर रजेवर होते. बारा ऑगस्टला यंत्र बंद होते. सोळा सप्टेंबरला ते अजून बहिरे असल्याचे सिद्ध झाले. तिन्ही तारखांचे केसपेपर त्यांनी टेबलावर ठेवले. त्यांची रजा मंगळवारीच का पडत होती, याचा उलगडा झाला, भोंग्याचा नाही.

"जाण्यापूर्वी भोंग्याला किंवा गळतीदर्शकाच्या पॅनेलला हात लावला होता का?" मी लिहिले.

"नाही. भोंगा मी कधी ऐकला नाही. हात कशाला."

इंगोले म्हणाले, "विचारा, पोलिसांत दिलं तर काय सांगशील म्हणावं."

मी ते लिहिले नाही. पण तांबाऱ्यांनी माझ्याऐवजी त्यांच्याकडे पाहिले होते, आणि 'पोलीस' हा शब्द मिशीखालूनही वाचता येत असावा. त्यांनी वहीचे पान उलटले. मग त्यांनी मला उद्देशून लिहिले,

"सर तक्ता तुम्ही केला?"

"हो."

"सगळे लिहिले. मी नाही तेव्हा दुसरे कोण काय करतो, लिहिले नाही."

तो आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता. मी तसे मोठ्याने म्हणालो. इंगोल्यांनी त्यांना गुरुवारपासून सक्तीच्या रजेवर पाठवले आणि गॅसखोलीची चावी काढून घेतली.

गुरुवारी मी दोनदा चाचणी केली. दहा वाजता भोंगा वाजला. साडेअकराला वाजला नाही.

मी पॅनेल उघडले. आतले सर्व ठीक होते. बटण दाबले की आतली पट्टी टिकटिकत जागेवर बसत होती आणि वीज बाहेर जात होती. तेथून पुढे तार भिंतीतल्या नळीत शिरत होती. भिंत उघडण्याचा अधिकार अभियांत्रिकी शाखेचा होता आणि त्यांचा माणूस सोमवारी येणार होता. समिती शुक्रवारी होती. मी मुख्य फाटकावरची नोंदवही पाहिली. तांबारे त्या दिवशी विद्यापीठात आलेच नव्हते. दहा ते साडेअकरा या वेळात भोंगा त्यांच्या हाताशिवाय मुका झाला होता. मला वाटले, एवढ्यावर विषय संपेल.

इंगोल्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे त्याचा कोणीतरी आत साथीदार आहे," ते म्हणाले. "आपण एकाला शोधत होतो. आता दोघांना शोधायचं."

मी घरी गेलो. ज्या पुराव्याने माणूस सुटायला हवा होता त्यानेच आरोप वाढला होता, आणि ते तर्कदृष्ट्या अशक्य नव्हते. मी स्वतः ती शक्यता नाकारू शकत नव्हतो. तांबारे सरळ आहेत असे मला वाटत होते, पण वाटणे ही नोंद नव्हे.

शुक्रवारी साडेनऊला मी उपकरण-कक्षात गेलो, दार आतून लोटून घेतले आणि तांबाऱ्यांच्या खुर्चीत बसलो. तेथून पॅनेल, दार आणि गॅसखोलीकडे जाणारी वाट अशा तिन्ही गोष्टी दिसत होत्या. पावणेदहाला बटण दाबले. भोंगा वाजला. नंतर मी काही केले नाही, फक्त बसलो. व्हरांड्यातून पावले येत, दारापर्यंत ऐकू येत आणि पुढे जात. प्रत्येक वेळी मी घड्याळ पाहत होतो. कोणीतरी आत येणार होते, हे आता जवळजवळ निश्चित होते. ते कोण असावे, याचा अंदाज करायचा नाही असे मी ठरवले होते. तरीही मी करत होतो, आणि प्रत्येक अंदाजात चेहरा ओळखीचा होता.

दहा पस्तीसला दार उघडले. भुजंगमामा होते, आमचे परिचर. एकतीस वर्षांची नोकरी, पुढच्या मे महिन्यात निवृत्ती. बगलेत हजेरीपट, खांद्यावर ओले फडके.

"अरे देवा, सर तुम्ही! घाबरलो ना. चहा सांगू?"

"नको, मामा. तुमचं काम चालू द्या. मी इथे नाही असं समजा."

"तसं कसं समजायचं सर, तुम्ही तर बसलाय." ते हसले. "त्यांच्या खुर्चीत बसलात, बरं वाटलं. कालपासून रिकामी बघवत नव्हती. मोठ्या साहेबांना सांगा की जरा. लेकरू गरीब आहे. अनुशेष अनुशेष म्हणून छळतात नुसते."

त्यांनी टेबल पुसले. साबणाच्या पाण्याची बाटली सरळ करून ठेवली. मग टेबल आणि कपाट यांच्यामधल्या फटीत हात घातला. एक कळ खट्कन वाजली.

"मामा, आता काय केलंत?"

"कळ बंद केली."

"कसली?"

"तांबारेभाऊंच्या दिव्याची. ते नाहीत ना आज."

"रोज करता?"

"रोज कशाला? ते नसतात तेव्हाच. हजेरीपटावर रजा दिसली की करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन चालू करून ठेवतो. एकदाही चुकलो नाही सर, विचारा त्यांना."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? लिहिलंय की तिथं. शिवाय कुलसचिवांचं पत्रक आहे, हजर नसेल त्याचे दिवे-पंखे बंद ठेवायचे. सगळ्यांचेच करतो मी. तुम्ही परगावी गेलात की तुमचा पंखा कोण बंद करतं?" ते थांबले. "आणि अपंगाच्या नावाची वस्तू सर. ती आपण कशाला वापरायची?"

मी उठलो आणि चाचणी-बटण दाबले. पॅनेलमधली पट्टी टिकटिकली. व्हरांड्यात कोणीतरी मजेत शीळ घालत चालले होते. भोंगा वाजला नाही.

"आता कळ चालू करा, मामा."

त्यांनी हात घालून कळ चालू केली. टेबलासमोरचा लाल दिवा पेटला आणि भोंगा वाजू लागला. मी बटण सोडले. ते न सांगता पुन्हा वाकले, त्यांनी कळ बंद केली आणि माझ्याकडे पाहिले. मी बटण दाबले. मग त्यांना समजले. त्यांनी कळ तत्काळ चालू केली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"मंगळवारी पोरं होती आत," ते म्हणाले.

"हो."

"नऊ होती ना? त्यांच्या हजेरीची वही मीच नेऊन दिली साहेबांना." फडके खांद्यावरून खाली घेत ते म्हणाले, "सर, मला कळ दिव्याचीच वाटली हो. देवाशपथ."

"मलाही तेच वाटलं असतं."

मी कपाट ओढून बाजूला केले. मागे लाकडी पाटीवर एक कळ आणि तिच्यानंतर दोन जोडण्या होत्या. दिवा बसवायला आलेल्या वायरमनने भोंग्याची जुनी तार कापून या पाटीत आणली होती आणि दोन्ही एकदम चालावेत म्हणून एकाच कळीवर घेतली होती. काम नीटनेटके होते. चाचणीच्या दिवशी मी फक्त भोंगा ऐकत होतो. दिवा विझलेला आहे हे पाहणारा एकमेव माणूस त्या दिवशी रुग्णालयात असे. कळीच्या वर पत्र्याची छोटी पट्टी स्क्रूने बसवली होती. मी ती वाचली आणि तिच्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेतला.

बारा वाजता समिती बसली. मी सर्वांना उपकरण-कक्षात नेले आणि कळ चारदा चालू-बंद करून दाखवली. इंगोल्यांनी चारही वेळा व्हरांड्याकडे कान दिला.

"म्हणजे भुजंगनं केलं," ते शेवटी म्हणाले. "साथीदार होताच की नाही?"

"भुजंगमामांनी लिहिलेलं पाळलं, सर. तांबारे या खोलीत नसतानाच हे घडत होतं. त्यांचा संबंध एवढाच, की तो दिवा त्यांच्यासाठी होता."

"मग ठपका कोणावर ठेवायचा? काहीतरी लिहावं तर लागेल!"

"कारण लिहू. मी लिहितो."

तांबारे एक ऑक्टोबरला कायम झाले. तो आदेश त्यांच्या हातात देताना इंगोले ओरडले नाहीत. त्यांनी अभिनंदन कागदावर लिहून दिले. मामांना मेमो देण्याचा प्रस्ताव होता, तो अहवाल वाचल्यावर मागे पडला. अहवाल दीड पानाचा होता. त्यातला कारणाचा परिच्छेद मी येथे जसाच्या तसा उतरवतो.

"भोंगा आणि दिवा यांची कळ एकच होती. आदल्या वर्षी खरेदी समितीपुढे दिव्याच्या खरेदीची फाईल आली तेव्हा तिच्यात 'विभागाच्या सुरक्षेसाठी' असे शब्द होते. डॉ. बिडवई यांनी त्यास हरकत घेतली. ही वस्तू एका विशिष्ट कर्मचाऱ्यासाठी असून तसे स्पष्ट लिहिले नाही तर उद्या ती कोणीही वापरील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सुचवलेला मजकूर मंजूर झाला आणि पट्टीवर कोरण्यात आला: 'केवळ अपंग कर्मचाऱ्यासाठी'. तो कर्मचारी रजेवर असेल त्या दिवशी परिचर त्या मजकुरानुसार कळ बंद करत. त्यामुळे भोंगा वाजत नसे."

खाली माझी सही आहे.